इक्लेक्टिक नातजावई

माझ्या नातीला पाहायला आलेल्या पाहुण्यांनी संत्रा बर्फी घातलेले तर्री-पोहे खाल्ले, एवढे खरे आहे. बाकीचे सारे माझ्या मेहुण्याने रचले आहे. तो प्रत्येक लग्नात सांगत फिरतो, की म्हाताऱ्याला त्या दिवशी भ्रम झाला होता. भ्रम मुळीच नव्हता. ती परीक्षा होती.

मुलाच्या बायोडेटात, रक्तगटाच्या खाली, 'आवडीनिवडी : इक्लेक्टिक' असे छापले होते. मेहुण्याने अर्थ सांगितला : ज्याला काहीही चालते तो. चौतीस वर्षे इंग्रजी मी शिकवले (त्याने नव्हे), म्हणून मी त्याला तिथेच खोडून काढले. इक्लेक्टिक म्हणजे नाना ठिकाणचे पारखून त्यातले उत्तम तेवढे घेणारा. काहीही चालणाऱ्यांसाठी इंग्रजीत वेगळे शब्द आहेत. मेहुणा समोर असताना ते उच्चारणे मला प्रशस्त वाटले नाही.

तेव्हा मुलगा पारखणारा आहे की नुसता गिळणारा, हे कळायलाच हवे होते. ज्याला सगळेच आवडते, त्याला आमची ऋचा आवडली तर त्यात तिचा कसला गौरव? ऋचाने मात्र बजावले, "आबा, मला अनिकेत पसंत आहे. तुमच्यामुळे मोडलं तर मी जन्मात बोलणार नाही तुमच्याशी."

पाहुणे धरमपेठेतल्या आमच्या घरी आले, तेव्हा मी स्वयंपाकघरात होतो.

"अहो, बर्फी काहून कुस्करून राहिले?" पत्नीने विचारले.

"प्रश्नपत्रिका काढतो आहे."

प्रश्नपत्रिका एकट्या अनिकेतच्या बशीत जायची होती. पण मेहुण्याने ती वाटी ओल्या नारळाची समजून अख्ख्या पातेल्यात उलटली आणि ढवळलीही! (हे तो लग्नांत सांगत नाही.) मुलाच्या आईने पहिल्याच घासाला पदर तोंडाशी नेला आणि धरमपेठेत असेच करतात का, असे हळूच विचारले. मी होय म्हणालो. वडिलांची कळमन्याच्या बाजारात मिरचीची अडत. मिरचीने कधी न आलेला घाम त्यांना बर्फीने आला. अनिकेतने मात्र बशी स्वच्छ केली आणि पोहे उत्तम झाल्याचे सांगितले.

नापास! तरी आणखी एक संधी म्हणून मी पेटी काढली आणि स्वरचित भावगीताची बारा कडवी गायलो. पाहुण्यांनी कानांवर हात ठेवले, हे मेहुण्याचे म्हणणे धादांत असत्य आहे. फक्त वडिलांनी ठेवला, आणि तोही एकाच कानावर. अनिकेत "वा" म्हणाला. माझा संयम सुटला.

"या घरातलं तुम्हाला काहीच नापसंत नाही का?"

ऋचा माझ्याकडे पाहत होती. ते पाहणे मी विसरलेलो नाही.

"खरं सांगू, आजोबा? पोहे भयंकर होते. गाणं त्याच्याहून. ऋचानं आधीच सांगून ठेवलं होतं, काहीले नाव ठेवू नका म्हणून."

"मग इक्लेक्टिक काहून लिहिलं?" (संतापलो की मी प्रमाणभाषा सोडतो.)

"बरोबरच आहे ना. घरातलं सगळं पाहिलं. त्यातली ऋचा तेवढी घेऊन राहिलो."

ऋचा हसली. पत्नीने साखर आणली. मी उभा राहून जाहीर केले, की माझी व्याख्या अक्षरशः सिद्ध झालेली आहे.

मेहुण्याला हे अजून मान्य नाही. उत्तम ते मुलाने नेले, मग मागे कोण उरले, असे तो विचारतो. आम्ही दोघेही उरलो, हे मी मोठ्या मनाने कबूल करतो. पण पातेले आपण ढवळले म्हणून उरलेल्यांत भयंकरपणाचा पहिला क्रमांक आपलाच, असा त्याचा दावा आहे, आणि तो मी प्राण गेला तरी मान्य करणार नाही. बारा कडवी मी गायलो होतो!