सभापतींच्या घरातला कवडी कापूस

ती घटना आठवली की आजही माझे कान तापतात.

सत्तर सालाच्या आसपास मी चोपड्याकडच्या एका ठाण्यात नवा फौजदार होतो. मिशी वाढवली होती, अक्कल वाढायची होती. पंचायत समितीच्या नव्या सभापतींनी फिर्याद दिली, की खळ्यातला कापूस चोरीला गेला असून तो माजी सभापतींच्या घरात आहे. माजी सभापती म्हणजे आबा. याच फिर्यादीला त्यांनी बोट धरून राजकारणात आणलं होतं. आबा निवडणूक हरले, त्यापायी शेत विकलं गेलं, आणि ज्यांच्या जीपगाड्या दारात उभ्या असत त्यांनी रस्ताच बदलला.

"शेत नाही, मग कापूस आला कुठून?" फिर्यादी म्हणाले. "बेड्या घाला, फौजदारसाहेब, आणि बाजारातून चालवत न्या. लोकांना कळू द्या."

मला पटलं. तेव्हा मला बरंच काही पटत असे. पंच घेऊन झडती घेतली. चुलीमागे कापसाची दोन गाठोडी सापडली. मी इतका खूश, की पंचनाम्यात आरोपीच्या जागी स्वतःचंच नाव लिहिलं. हवालदार खोकला म्हणून वाचलो.

ठाण्यात आबांना विचारलं, "कापूस कुणाचा?"

"चोरला मी."

"कुठून?"

"तुम्ही म्हणाल तिथून."

असला कबुलीजबाबही मला खटकला नाही. बेड्या मागवल्या. बाहेर आठवडी बाजार भरला होता.

तेवढ्यात आबांच्या पत्नी, अक्का, आत आल्या. जप्तीतलं एक गाठोडं उचलून त्यांनी माझ्या टेबलावरच उपडं केलं.

"देखा साहेब, हाऊ सरवा शे. बठ्ठी कवडी शे. चोर कवडी चोरी का?"

"तू गप बस!" आबा ओरडले.

"काब्रं गप बसू? तुम्हनी लाज झाकाले मी तोंड बांधीसन परगावना वावरमा येचत फिरनी, नी तुम्ही चोर व्हतस?"

वेचणी उरकल्यावर झाडावर राहिलेली डागी, पाचोळा चिकटलेली बोंडं, म्हणजे कवडी, गरिबांनी न्यावीत, मालकानं अडवू नये, ही आमच्याकडची रीत; त्यालाच सरवा म्हणतात. फिर्यादीत 'पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र माल' असं मीच लिहून घेतलं होतं, आणि टेबलावर पिवळी कवडी पसरली होती. बायको सरवा वेचते हे गावाला कळण्यापेक्षा आबांना बेड्या परवडत होत्या.

आबांना तिथंच मोकळं केलं आणि फिर्यादीकडे गेलो. 'चोरीचा' कापूस त्यांच्याच घरामागच्या खोलीत होता.

"अरे, इथं ठेवला होय!" ते हसून म्हणाले. "विसरलोच की, भाऊ."

खोट्या फिर्यादीबद्दल खटला भरावा, असा अहवाल मी वर पाठवला. उत्तरात बदली आली, धुळ्याच्याही पलीकडे.

जाण्यापूर्वी आबांकडे गेलो. सरवा वेचायचे दिवस अजून संपले नव्हते, तरी अक्का घरातच.

"आते कोन्ही वावरमा येऊ देत नही," त्या म्हणाल्या. "'अक्का, तुम्ही सभापतीन, तुम्हले हाई शोभत नही,' म्हनतस नी पाया पडतस."

"मग दाणे तरी देतात का?"

अक्कांनी हसून दाण्यांचा रिकामा डबा उपडा करून दाखवला.

नोकरीत मी पुष्कळ चोर धरले. पण पाया पडून एखाद्या घराची चूल विझवणाऱ्यांना कुठलं कलम लावायचं, ते शोधता शोधता मी निवृत्त झालो.