धनराजभाऊंचं मतदान

नंदनवन वस्तीत आमच्या शेजारी धनराजभाऊ राहत. त्यांच्या घरी भाजीसुद्धा मतदानाने ठरायची. "वांगी का मेथी? हात वर करा!" बायको आणि दोन्ही पोरी मेथीसाठी हात वर करत, आणि वांग्यांवर जीव असलेले भाऊ निमूटपणे मेथी खात. वहिनी हसून मला म्हणायच्या, "पाहा वं ताई, लाल झेंड्यानं मले एवढं तरी सुख देल्लं."

भाऊ लकडगंजच्या धान्यबाजारात हमाल. पोत्याचं वजन निम्मं व्हावं म्हणून त्यांनी संघटना बांधली, आणि तिच्याच जोरावर कम्युनिस्ट पक्षाचे नगरसेवक झाले. निवडून आल्यावरही सकाळी पाठीवर पोतं असायचंच. सभेला दुपारी जायचे, तेही अंगावरचा भुसा झटकत.

वर्षभरातच वजनासाठी संप झाला. बाजार ठप्प, व्यापारी हटून बसलेले. मी तेव्हा मुलींच्या एका वसतिगृहाची अधीक्षिका होते. आमचा तांदूळ बाजारात अडकला आणि कोठी रिकामी झाली. भाऊंना सांगितलं, तर ते उठलेच. "म्याडम, आपलं भांडण शेठ लोकाईसंग हाय. पोरीईनं काय केलं?" भर दुपारी एकट्याने पोती हातठेल्यावर चढवून त्यांनी ती ओढत आमच्या दारात आणली.

कुणीतरी फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो हमालांच्या मोबाइलवर फिरला: पुढारीच संप मोडतोय! फाटाफूट झाली, संप कोसळला आणि पोत्याचं वजन होतं तेवढंच राहिलं.

हमालांच्या शेडमध्ये पक्षाची सभा भरली. मी मागे उभी होते. भाऊ म्हणाले, "घरी भाजी इचारून करतो, अन् एवढी मोठी गोष्ट तुमाले न इचारता केली. थे चुकलं माह्यं. तांदूळ नेला, थे नाही चुकलं." अध्यक्षांनी हकालपट्टीचा ठराव मांडला. कुणाचाच हात वर जाईना. पहिला हात भाऊंनीच वर केला. "शिस्त हाय गा, करा ना वर!" मग हळूहळू बाकीचे हात वर गेले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नगरसेवकपदही सोडलं. "खुर्ची पक्षाची होती, माही नाही," एवढंच बोलले आणि बाजाराकडे निघाले. लोक त्यांना संपलेला पुढारी म्हणत. मला मात्र त्यांची शेजारीण म्हणवून घ्यायला अभिमानच वाटला, आजही वाटतो.

मागच्या हिवाळ्यात भाऊ हृदयविकाराने गेले. शोकसभा त्याच शेडमध्ये होती. तेच अध्यक्ष, आता म्हातारे झालेले, उभे राहिले, पण त्यांना भाषण काही जमेना. शेवटी म्हणाले, "धनराजले पक्षात परत घ्याचं हाय. ज्याईले मंजूर हाय, त्याईनं हात वर करा."

शेडभर हात वर झाले. वहिनींचा झाला, पोरींचा झाला. मी काही पक्षाची सभासद नाही. तरी माझाही हात वर होता, आणि तो खाली घ्यावासा वाटत नव्हता.