तेस्फायेची इद्दिर

तेस्फायेच्या मृत्यूची बातमी मला दोनदा सांगण्यात आली. शुक्रवारची सकाळ, इथे दोहात सुट्टीचा दिवस, घरात सगळे अजून लोळत होते. बेल वाजली. मुलीने दार उघडलं आणि आत येऊन म्हणाली, "आई, सम अंकल्स... दे आर जस्ट स्टँडिंग देअर." बाहेर तेस्फायेचा दोस्त सॉलोमन उभा होता, बरोबर आणखी दोघं, खांद्यावर पांढऱ्या शाली. त्यांनी तोंड उघडण्याआधीच मला कळलं. इथिओपियाच्या लोकांत मृत्यूची बातमी अशीच येते, हे मला तेस्फायेनेच सांगितलं होतं. फोनवर कळवायचं नाही, एकट्याने जायचं नाही. तिघाचौघांनी जमायचं, सकाळी दाराशी जायचं, आधी समोरच्याला बसवायचं आणि मग सांगायचं. सॉलोमनने मला सोफ्यावर बसवलं, स्वतः समोर बसला आणि म्हणाला, "आपला तेस्फाये फार दमला होता..." मी रडले. ते चहा पिऊन गेले. कप विसळून होत नाहीत तोच पुन्हा बेल. दारात दानिएल, तेस्फायेचा दुसरा दोस्त, बरोबर आणखी दोघं, खांद्यावर तशाच शाली. मला आधीच कळलंय हे सांगायचा धीर झाला नाही. मी पुन्हा त्याच जागी बसले, पुन्हा ऐकलं आणि पुन्हा रडले. खरं सांगायचं तर दुसऱ्यांदा जास्त रडले. एका माणसाच्या मरणाची बातमी घेऊन निघालेल्या या दोघांना त्या दिवशीसुद्धा एका लिफ्टने वर येता आलं नव्हतं, आणि ज्याची बातमी होती त्याने आयुष्याची शेवटची वर्षं नेमकी या दोघांना एकत्र ठेवण्यासाठीच झिजवली होती.

तेस्फाये आमच्या कंपनीत ट्रान्सपोर्ट सुपरवायझर होता. मी वेस्ट बेच्या टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर पर्चेसला, तो खाली पार्किंगमधल्या काचेच्या केबिनमध्ये. कोणती गाडी दुखानच्या साइटवर पाठवायची, कोणती विमानतळावर, कोणाच्या घरी आजारपण आहे म्हणून त्याला लांब धाडायचं नाही, हे सगळं तो बघायचा. ड्रायव्हरांशी तो आखाती हिंदी बोले, म्हणजे ज्या हिंदीत क्रियापदं चुकीची आणि शिव्या अचूक असतात ती. माझ्याशी इंग्रजीत, जरा मास्तरी थाटात. मास्तरच होता तो. गावाकडे हायस्कुलात भूगोल शिकवायचा. आमची मैत्री झाली ती मात्र माझी फजिती होऊन. बीडकडचा एक नवा ड्रायव्हर रुजू झाला होता. मराठी माणूस भेटला म्हणून मी उत्साहाने त्याला गाव विचारलं, आडनाव विचारलं. तो म्हणाला, "ताई, आडनावात काय हाय, शिवा म्हना." तरी मी विचारलंच आणि त्याने सांगितलंच. तो गेल्यावर तेस्फाये काचेआडून हसत म्हणाला, "सिस्टर, तुम्ही लोक आडनाव विचारता आणि मग दोन सेकंद गप्प होता. ते दोन सेकंद मला चांगले ओळखता येतात." मला राग आला होता. नाशिकच्या आमच्या घरात असलं काही पाळत नाहीत, वगैरे मी बरंच ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्यासाठी कॉफी मागवली.

त्याचे वडील एका जमातीचे, आई दुसरीची. त्या दोन जमातींची नावं मी इथे लिहिणार नाही, कारण तो स्वतः कधी उच्चारत नसे. "बाबांकडचे" आणि "आईकडचे" एवढंच म्हणायचा. तेस्फाये हे नाव त्यांच्याकडे कुठल्याही जमातीत ठेवतात. तिथे आडनाव नसतं, स्वतःच्या नावापुढे बापाचं नाव लागतं आणि ते ऐकलं की ऐकणाऱ्याला सगळं कळतं. म्हणून हा ओळख करून देताना नुसतं 'तेस्फाये' म्हणून हात पुढे करायचा. वडिलांच्या मुलखातल्या शाळेत होता तेव्हा नवे मुख्याध्यापक आले. त्यांच्या येण्याआधी सरकार बदललं होतं आणि सरकारबरोबर नकाशातल्या हद्दी. स्टाफरूममध्ये मास्तर भाषेप्रमाणे वेगवेगळ्या टेबलांवर बसू लागले. आईची भाषा घरात बोलतो म्हणून याची बदली आईच्या मुलखात झाली. तिथे पोचल्यावर तिथल्यांनी बापाचं नाव वाचलं आणि याला परका ठरवलं. इकडे आड, तिकडे विहीर. ज्या गावात एका रात्रीत दोन घरं जळाली त्या गावातून तो बायकोला, हिरुतला, घेऊन निघाला तो काही वर्षांनी कतारला येऊन थांबला.

त्याच्या देशाच्या राजकारणावर मी त्याला पुष्कळ छेडायची. कोण चांगला, कोण वाईट, आता जो आहे तो कसा... तो नाव घ्यायचाच नाही. एकदा म्हणाला, "आमच्याकडे खुर्चीवर बसतो तो माणूस आधीच घाबरलेला असतो. घाबरला की तो आपल्या भाषेची माणसं दाराशी उभी करतो. ती बघून बाकीचे घाबरतात आणि तेही आपापली माणसं जमवतात. मग खुर्चीवरचा म्हणतो, बघा, मी सांगत होतो ना." हे तो अगदी नदी डोंगरातून कशी उतरते ते सांगावं तसं सांगायचा. मी म्हटलं, आमच्या मराठी मंडळातही हेच चालतं, गणपतीच्या कार्यक्रमात माइक कोणाच्या हातात यावरून. तो म्हणाला, "हो, पण तुमच्याकडे माइक गेला तर माणूस घरी जाऊन जेवतो."

आणि तरीही या माणसाने अध्यक्षपद घेतलं. दोहातल्या त्यांच्या लोकांची एक इद्दिर होती. इद्दिर म्हणजे मयतीला उभं राहणारं मंडळ. त्यांच्या गावोगावी असतं. कोणाकडे मृत्यू झाला की इद्दिरची माणसं मोठी भांडी, बाकं, सतरंज्या घेऊन हजर होतात, स्वयंपाक करतात, कुटुंबाला एकटं सोडत नाहीत. परदेशात तर त्याहून महत्त्वाचं काम, मृतदेह मायदेशी पाठवणं. इथे घरकाम करणाऱ्या पोरी, ड्रायव्हर, सिक्युरिटीवाले, कोणाचं रक्ताचं माणूस जवळ नाही. मेल्यावर आपल्याला कोणीतरी घरी नेईल, एवढ्या एका भरवशावर ती माणसं इथे राहत होती. आणि नियम असा, की जिवंतपणी बोलणं बंद असलं तरी मयतीला जायचंच. दुसऱ्या जमातीचा अध्यक्ष कोणालाच नको होता. तेस्फाये अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा, म्हणून दोघांनाही चालला. सॉलोमन बाबांकडचा, दानिएल आईकडचा, दोघे त्याचे उजवे-डावे हात. तेस्फायेच्या नज्मा भागातल्या दोन खोल्यांच्या घरात दर शुक्रवारी सगळे जमत. मी आणि माझे यजमान कितीदा तिथे जेवलो आहोत. एका मोठ्या ताटातून सगळ्यांनी खायचं आणि हिरुतने घास करून आपल्या तोंडात भरवायचा. माझे यजमान आधी लाजत, मग आ वासून वाट बघत.

मग तिकडे त्यांच्या देशात या दोन जमातींतच लढाई पेटली. बाबांकडच्या मुलखातले फोन बंद झाले. शुक्रवारी जमणारी माणसं आता मोबाईल उलटे ठेवून बसू लागली. कोणाच्या फोनवर काय आलंय ते दुसऱ्याला दिसू नये म्हणून. तरी इद्दिर टिकून होती. तेस्फाये एकेकाच्या खोलीवर जाऊन समजूत काढायचा, पार उत्तरेच्या टोकाला मदिनत अश शमालपर्यंत गाडी हाकत जायचा, तिथे दोन पोरं रुसली आहेत म्हणून. आणि त्याच दिवसांत सॉलोमनची आई गावी वारली. फोन बंद असल्यामुळे ते सॉलोमनला कळलं नाही. कळलं ते दानिएलच्या एका चुलतभावाला, जो तिकडे सैन्याबरोबर होता, आणि दानिएलकडून तेस्फायेला.

इथे कोणीही, तुम्ही-मी, काय केलं असतं? सॉलोमनला सांगितलं असतं. तेस्फायेने रीत धरली. बातमी एकट्याने सांगायची नाही. सगळ्यांनी मिळून सकाळी दाराशी जायचं. आणि सगळ्यांनी म्हणजे दानिएलनेसुद्धा. दानिएल म्हणाला, "त्याच्या लोकांनी माझा मेहुणा मारला. मी त्याच्या दाराशी उभा राहणार नाही." तेस्फाये त्याच्याकडे रोज संध्याकाळी जाऊ लागला. मला त्याने केबिनमध्ये हे सांगितलं तेव्हा मी चिडलेच. "अरे, त्याची आई गेलीय आणि तू मीटिंगा कसल्या घेतोस? आज जा, आत्ता जा." तो टेबलावरची किल्ल्यांची जुडी इकडून तिकडे सरकवत राहिला. म्हणाला, "एकट्याने गेलो तर मी बाबांकडचा झालो, सिस्टर. बाबांकडच्यांनाच घेऊन गेलो तरी तेच. दानिएल आला, तर ही इद्दिर वाचेल. आईच्या मरणाहून मोठं कारण मला पुन्हा मिळणार नाही." मी म्हटलं, "तू त्याच्या आईचा उपयोग करतोयस." मला आजही वाटतं की मी बरोबर बोलले, आणि आजही वाटतं की तो चूक नव्हता... घाबरलेल्या नेत्यांबद्दल इतकं नेमकं बोलणारा माणूस स्वतः दोन्हीकडच्यांना घाबरून बसला होता, एवढं मात्र मला त्या दिवशी स्वच्छ दिसलं.

दानिएल शेवटी तयार झाला होता. शुक्रवारी सकाळी सगळे मिळून जाणार, हे ठरलं. गुरुवारी दुपारी सॉलोमनला मोबाईलवर आईचा फोटो दिसला, खाली पेटवलेल्या मेणबत्तीचं चित्र. कॅनडातल्या कोणा नातेवाइकाने टाकलेला. तो ड्युटी सोडून थेट आमच्या पार्किंगमध्ये आला. सगळ्या ड्रायव्हरांसमोर त्याने एकच प्रश्न विचारला, "तुला माहीत होतं?" तेस्फाये खोटं बोलू शकला असता. "हो," म्हणाला. "आणि दानिएललाही?" "हो." सॉलोमनने हात उचलला नाही. तो फक्त म्हणाला, "माझी आई मेल्याचं माझ्या शत्रूला आधी कळलं आणि माझ्या अध्यक्षाने ते लपवलं. अखेर तू तुझ्या आईकडचाच निघालास." शिवा तिथेच होता. मला वर येऊन म्हणाला, "ताई, साहेब खुर्चीवर बसल्यालं हायेत, पर बोलंनात. खलास झाल्यावानी दिसायलेत." त्या शुक्रवारी इद्दिर फुटली. भांडीसुद्धा वाटून घेतली त्यांनी, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. गंमत म्हणजे दानिएलची माणसंही तेस्फायेबरोबर राहिली नाहीत. शत्रूच्या दाराशी आम्हाला न्यायला निघाला होता, असं त्यांचं म्हणणं.

त्यानंतरही तो दोन्हीकडच्या प्रत्येक मयतीला जायचा. कोणी पाणी विचारत नसे. दारापाशी, चपलांजवळ बसायचा आणि उठून यायचा. मी म्हणायची, कशाला जातोस अपमान करून घ्यायला? "मयतीला जायचं असतं," एवढंच. हिरुत सांगते, रात्री त्याचा डोळा लागत नसे. एका संध्याकाळी छातीत कळ आली म्हणाला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपला. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती.

मेल्या म्हशीला मणभर दूध, तसं झालं. जिवंतपणी ज्याला दोघांनीही टाकलं, तो मेल्याबरोबर दोघांचा झाला. सॉलोमनचे म्हणाले, देह बापाच्या गावी जाणार, सगळं आम्ही करतो. दानिएलचे म्हणाले, आईच्या गावी, सगळं आम्ही करतो. वाद हिरुतच्या समोर, ती भिंतीला टेकून बसलेली असताना चालला. दोन्ही गावांचे रस्ते अजून धड सुरू नाहीत हे दोघांनाही ठाऊक होतं. ती उठली आणि म्हणाली, "अदिस अबाबाला नेते. तिथे माझी मुलगी शिकते. तिथे त्याला कोणी ओळखत नाही." विमानतळावर ती, मी, माझे यजमान आणि शिवा एवढेच होतो.

परवा चाळिसावा झाला, आपल्याकडे तेरावा असतो तसा. दोन चाळिसावे झाले, एकाच दिवशी, दोन ठिकाणी. मी दोन्हीकडे गेले. सॉलोमनच्या इद्दिरच्या खोलीत भिंतीवर तेस्फायेचा मोठा फोटो, फुलं घातलेला. शेजारी सॉलोमन, याच्या खांद्यावर हात टाकून हसतोय. फोटो मला ओळखीचा वाटला. संध्याकाळी दानिएलच्या खोलीत गेले, तिथेही तेस्फाये भिंतीवर, तेच हसू, तोच निळा शर्ट. पण इथे शेजारी दानिएल. तेव्हा लक्षात आलं. तो फोटो मीच काढला होता, लढाईच्या आधी, समुद्रावर. तिघे होते त्यात. मध्ये तेस्फाये, दोन्ही बाजूंनी दोघांचे हात त्याच्या खांद्यांवर. प्रत्येकाने दुसऱ्याला कापून टाकलं होतं. बोटं मात्र काढता आली नव्हती; ती काढायची तर तेस्फायेचा खांदा जात होता. म्हणून दोन्ही खोल्यांत, त्याच्या एका खांद्यावर कोणाची तरी चार बोटं नुसती उरली आहेत. आलेल्या माणसांना ती दिसत असणारच. कोणी त्याबद्दल बोलत नाही.

मी घरी येऊन जुना फोन शोधला, अख्खा फोटो छापून आणला आणि हिरुतला नेऊन दिला. तिने तो बराच वेळ मांडीवर ठेवला, शालीच्या टोकाने पुसला आणि कपाटात, कपड्यांच्या खाली ठेवून दिला. मी म्हटलं, "अगं, बाहेर लाव ना. घर त्याचं आहे." ती म्हणाली, "अजून दोन्हीकडची माणसं मला भेटायला येतात, सिस्टर. हा लावला तर कोणीच येणार नाही."