मूत्रपिंडातला नवस

मातीच्या गाडग्यातलं घट्ट दही पळीनं कापलं की जो आंबूस, थंडगार गंध दरवळतो, तो मला आयुष्यभर पुरून उरला आहे. भूकंपापासून मी त्याला फक्त हुंगत आले. त्या पहाटे औशाकडच्या आमच्या घराच्या दगडमातीच्या भिंती बसल्या, लेक खाली अडकला, आणि गाववाले माती उपसत असताना मी देवाला सांगून टाकलं, लेकरू जितं निघू दे, दूधदुभतं सोडलं! लेक निघाला, धुळीनं पांढरा, खोकत. आणि मी सोडलं.

काय ती तरुण बाई, तेव्हाची मी! शहाणी असती तर कारलं सोडलं असतं. तसंही तिला ते आवडत नव्हतं. पण हिला त्याग हवा होता, तोही चारचौघांत दिसणारा. लग्नाच्या पंगतीत कढीची वाटी दूर सारताना ती असा काही चेहरा करायची की वाढप्यानं पाया पडावं. वर्षानुवर्षं कोरा चहा, कोरडी भाकरी, आणि अंगभर पुण्याईची सूज!

आता लातुरात नातीजवळ असते. ती डॉक्टरकीच्या क्लासला जाते, मी भाड्याच्या खोलीत तिचा डबा करते. मध्यंतरी हातापायांना मुंग्या येऊ लागल्या म्हणून रक्त तपासलं, तर मूत्रपिंडही कुरकुरू लागल्याचं निघालं. नातीनं कागद वाचून मला शिकवणीला बसवलं. होमोसिस्टीन नावाचं एक अमिनो आम्ल म्हणे प्रत्येकाच्याच देहात घडतं. बी-बारा जीवनसत्त्व असलं की त्याचं पुन्हा कामाचं आम्ल होतं. दूध नाही, अंडं तर घरात कधीच नव्हतं, मग बी-बारा कुठून यावं? आम्ल रक्तात साचतं, मूत्रपिंडाच्या पेशींत ऑक्सिजनचे उच्छृंखल रेणू उधळून देतं, आणि त्यांना आवरता आवरता पेशींची शक्ती सरली की त्यांची नाजूक आवरणंच झिजू लागतात. याला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. बाहेरच्या भिंती एका पहाटेत बसल्या. आतल्या मी स्वतः, भक्तिभावानं, इतकी वर्षं पोखरत होते की काय?

इंजेक्शनं सुरू झाली. पुढं गोळ्या आणि दूधदही, असं डॉक्टरांनी बजावलं; गोळ्या मी विसरते हे घरात सर्वश्रुत आहे. नात म्हणाली, मग ताक पी की आज्जे. तिला काय सांगू? मूत्रपिंड माझं होतं, पण नवसाच्या दुसऱ्या टोकाला तिचा बाप बांधलेला होता. विज्ञान मला पटलं होतं. हात मात्र वाटीकडे जात नव्हता.

रविवारी लेक औशाहून गाडगं घेऊनच आला. आता त्याचे कल्ले पिकलेत. माझ्या ताटात त्यानं दही वाढलं आणि भाकरी मोडत खाली मान घालूनच म्हणाला, "माय, देवानं दही मागितलंच न्हवतं. तूच देऊन बसलीस. मला कशाला ओलीस ठिवतीस?"

तोच आंबूस, थंडगार गंध. मी एक घास घेतला आणि त्याच्याकडे टक लावून पाहत राहिले. त्याला ठसका लागला. मी देवाचं नाव घेत तांब्या पुढं सरकवला. तो पाणी प्याला, मिरचीला शिवी घातली, आणि पुन्हा जेवू लागला.

मग मी दुसरा घास घेतला.