रोज सातचा क्रॅश

नम्रता ओव्हाळचं आठ दिवस कशातच लक्ष लागत नव्हतं. खुर्चीत बसली की उठायची, उठली की परत बसायची. पौडच्या तिच्या घरात समोर कॉम्प्युटर काळा पडदा दाखवत बसलेला आणि हिच्या जिवाची नुसती घालमेल.

आठ महिने खपून तिने स्टोरेज ड्रायव्हर लिहिला होता. कर्नल, म्हणजे कॉम्प्युटरचा गाभा, आणि डिस्क यांच्यात निरोप पोचवणारा प्रोग्राम. हिंजवडीच्या ऑफिसात तो शहाण्यासारखा चाले. घरी मात्र सातच्या सुमाराला अख्खा कर्नल आडवा! तिने कोडची ओळ न् ओळ धुंडाळली. हाती धुपाटणं.

सातला रोज मीटिंग असे, आणि रेंज फक्त गच्चीवर. शुक्रवारी तिथेच तिचा वरिष्ठ निरंजन फोनवर म्हणाला, "सोमवारपर्यंत कारण सापडलं नाही तर तुझा ड्रायव्हर काढून जुना टाकतोय."

आठ महिने पाण्यात! तिने फोन ठेवला आणि ताडताड जिना उतरली. खाली आई, इंदूबाई, कॉम्प्युटरला बाहेरून जोडलेल्या डिस्कच्या डबीचा प्लग उपसून हातात घेऊन उभी. त्या जागी बुद्धमूर्तीपुढच्या दिव्यांच्या माळेचा प्लग.

"आई! रोज काढतेस हा?"

"वंदनेपुरता काढते गं. परत लावते की. मोठा डबा चालूच ऱ्हातो."

मोठा डबा, म्हणजे कॉम्प्युटर, यूपीएसवर होता. "कळत नाही तर हात कशाला लावतेस?" नम्रता ओरडली. इंदूबाईंचं तोंड एवढंसं झालं.

बोलून झाल्यावर नम्रताला उमगलं. गिऱ्हाइकाची डिस्कही कधीतरी अशीच मधेच जाणार, आणि ड्रायव्हरने ते सोसायलाच हवं. मग हा काय आईचा दोष?

"आई, लाव. आता परत काढ."

तीनदा काढला, तीनदा क्रॅश. डिस्क गेली की ड्रायव्हर तिच्यासाठी घेतलेली मेमरी कर्नलला लगेच परत करायचा, पण अर्धवट राहिलेलं काम त्याच मेमरीत लिहायला जायचं. खोली सोडून किल्ली मालकाला दिल्यावर पुन्हा तिथेच सामान टाकायला जावं, तसं. दोन दिवसांत तिने ते दुरुस्त केलं.

कर्नलवाल्यांची एक रीत असते. दुरुस्तीखाली दोष कुणी दाखवला त्याचं नाव लिहायचं. ते कोडबरोबर कायमचं राहतं. सोमवारी संध्याकाळी, निरंजनचा होकार आल्यावर, नम्रताने आईला पडद्यापुढे बसवलं. इंदूबाईंनी इंग्रजी अक्षरं बोटाने जुळवली आणि घाबरल्या.

"माजं नाव? पुस ते. चूक केली म्हून जगाला दावतीस व्हय?"

नम्रताने पडद्यावरच्या त्या नावावर बोट ठेवलं. "चूक माझी होती, आई. आमच्यातल्या कुणालाच दिसली नाही. तू दाखवलीस."

इंदूबाईंनी ते नाव पुन्हा वाचलं, मग आणखी एकदा. त्या दिवशी वंदनेला सव्वासात झाले.