दर दोन तासांनी चार घास

आम्ल घशाशी येऊ नये म्हणून डॉक्टरांनी आईच्या अन्ननलिकेच्या टोकाला चुंबकी मण्यांचं इवलंसं कडं बसवलं. ते आखडू नये म्हणून दर दोन तासांनी चार घास खायचे, असं बजावलं.

आज अकराला मी पोळीभाजी पुढे केली. तिने घास उचलला आणि बाबांकडे पाहिलं. "अहो, तुमचं व्हायचंय अजून."

"खा की, मी कुठे अडवलंय?" बाबा पेपरामागून म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. छातीतली जळजळ सोसत ही बाई वर्षानुवर्षं सगळ्यांना वाढून मग जेवली, आणि आम्ही, मीसुद्धा, "थंड दूध घे" म्हणून मोकळे झालो. घास आला की कडं आपोआप उघडतं म्हणे. पण तो तिथवर पोचायला तर हवा!

आईने घास ताटलीत परत ठेवला.