वच्छला बाळंतिणीच्या खोलीत शिरली

अमरावतीच्या भाजीबाजारात वच्छलाच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. गिऱ्हाईक वांगी चिवडत बसलं की ती म्हणायची, "वांगं घेऊन राहिले का जावई पाहून राहिले?" बडनेऱ्याच्या रस्त्याला तिच्या सासऱ्याची भाजीची वाडी होती. सकाळी टोपलं डोक्यावर घेऊन ती आधी गावातल्या ठरलेल्या घरी भाजी द्यायची, मग बाजारात बसायची.

तिखट होतीच ती, पण जन्माची नव्हे. लग्न होऊन आली तेव्हा चारचौघींसारखी खाली मान घालून वावरायची. पहिली मुलगी झाली. सुईणीनं रिवाजाप्रमाणे तिचं पहिलं पिवळं दूध, म्हणजे चीक, पिळून भिंतीशी टाकून दिलं. बाईचा चीक लेकराला बाधतो म्हणे. तीन दिवस पोरीच्या तोंडी गुळाचं पाणी. चौथ्या दिवशी अंगावर घेतली तर तिला ओढायची ताकद नव्हती. सातव्या दिवशी गेली. सगळे म्हणाले, देवाची मर्जी.

त्याच महिन्यात गोठ्यातली गाय व्याली. सासऱ्यानं वासरू पुसलं आणि पहिलं काम काय केलं, तर त्याला आचळाला लावलं. वच्छलानं विचारलं, "मामाजी, वासराले चीक काहून पाजता?"

"नाही पाजला तर मरते ते," सासरा सहज बोलून गेला.

उरलेल्या चिकाचा घरात खरवस झाला. वच्छलानं आपली वाटी सगळ्यांदेखत अंगणात पालथी केली आणि त्या दिवशी वर केलेली मान पुन्हा खाली घातली नाही. दुसऱ्या खेपेला सुईण जवळ आली तेव्हा तिनं तिचं मनगट धरलं. "माह्या दुधाले हात लावला तर बोटं मोडीन." सासूनं कपाळ बडवून घेतलं, पण सूर्यभान जन्मल्या जन्मल्या आईच्या अंगावर गेला आणि बघता बघता टोणग्यासारखा वाढला. पुढे बाजारातल्या बायका लेकरं घेऊन तिच्याकडे यायला लागल्या. ती त्यांना आपल्या टोपल्यांच्या आडोशाला पाजायला बसवायची. कुणी पुरुष नाक मुरडून गेलाच, तर ती त्याच्या आईची चौकशी करायची.

अठ्ठावन्न सालची गोष्ट. ठरलेल्या घरांतलं एक घर बापूसाहेब वकिलांचं. त्यांची सून रमा पहिल्या मुलाची बाळंतीण होती. तिला माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. नवरा अकोल्याला मास्तर, यायचा तो रविवारी. मूल अठरा दिवसांचं झालं होतं आणि घरात त्याच्या रडण्याचा आवाज येत नव्हता. अठरा दिवसांचं मूल रडत नाही, याचीच वच्छलाला भीती वाटली.

तिनं मागच्या अंगणातून खिडकीत डोकावलं. "पाजतेस का नाही व पोरी?"

"दूध आटलं माझं," रमा म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. चीक फेकला होताच. चौथ्या दिवशी छाती दगडासारखी टणक झाली, बाळाला तोंडात धरता येईना. सासूबाईंनी डब्याचं दूध आणवलं आणि बोंडल्यानं, म्हणजे चोचीच्या वाटीनं, सुरू केलं. डब्यावर गुबगुबीत बाळाचं चित्र होतं. रमाच्या मांडीवरच्या बाळाला जुलाब सुरू होते आणि त्याच्या मांड्यांना सुरकुत्या पडल्या होत्या. बाळंतिणीला पाणी जास्त देऊ नये म्हणून रमाचे ओठही फुटले होते.

वच्छला स्वयंपाकघराच्या दारात गेली. "वकिलीणबाई, लेकरू वाळून राहिलं. मले आत जाऊ द्या."

रमाच्या सासूबाई, गोदावरीबाई, चुलीच्या वैलाशी बसून आमटी ढवळत होत्या. "भाजी ठेव आणि जा. डॉक्टरांनी सांगितलेलं दूध आहे ते."

आता गोम अशी, की त्या घरात कडक सोवळं. आंघोळ करून ओलेतं नेसलं की बापूसाहेबांचं ताट वाढेपर्यंत गोदावरीबाई कुणाला शिवत नसत. बाळंतीण तर सव्वा महिना ओवळी. तिच्या खोलीचा उंबराही त्या वेळी वर्ज्य. वच्छलाला हे पक्कं ठाऊक होतं. तिनं टोपलं खाली ठेवलं आणि सरळ बाळंतिणीच्या खोलीत शिरली.

"अगं, बाहेर हो!" गोदावरीबाई धावल्या आणि उंबऱ्याशी थांबल्या. हात पुढे करावा तर सोवळं मोडतं.

"या ना, ओढा मले," वच्छला आतून म्हणाली.

तिनं रमाला तांब्याभर पाणी पाजलं, गरम फडक्यानं छाती शेकली आणि बाळ आडवं धरून तोंडाला लावलं. "नुसतं टोक नको देऊ, तोंडभर दे. आटत नाही दूध. ओढलं की येते, नाही ओढलं की जाते. मी गेली की कडी लाव. घंट्या-दोन घंट्यानं लावत राय त्याले, रातीही. दूध येईपर्यंत बोंडलं सोडू नको, पन अंगावर घेतल्याबिगर देऊ नको. आन पानी उकळलेलंच घाल त्यात."

रोज सकाळी सोवळ्याची वेळ साधून ती यायची. बाजारातली जागा दुसरीनं बळकावली, पण तिनं पर्वा केली नाही. येताना कधी मेथी आणायची, कधी कण्या. बापूसाहेबांनी दिवाणखान्यातून पोलिसांचं नाव काढलं. "बोलवा," वच्छला म्हणाली. "त्यायले सांगीन, लेकरू दूध पिऊन राहिलं म्हनून गुन्हा लावा." दुसऱ्या दिवशी तर रमा हुंदके देत म्हणाली, "नाही येत हो, एक थेंब नाही येत." वच्छला चिडली. "रडून दूध येत असतं तर माह्या अंगनात डेअरी असती. लाव त्याले."

सहाव्या दिवशी सकाळी बाळ ओढता ओढता थांबलं, घुटका गिळल्याचा आवाज आला, आणि पुन्हा आला. त्याच्या ओठाच्या कडेनं दुधाची धार उतरली. रमा बघतच राहिली.

तेवढ्यात दाराशी सावली पडली. गोदावरीबाई ओलेत्यानं उभ्या होत्या. आता ही कडाडणार म्हणून वच्छला पदर खोचून तयारच झाली. पण त्यांनी पाऊल उचललं आणि उंबरा ओलांडून आत आल्या. रमाला शिवून बसल्या आणि बाळाचा गाल बोटानं पुसला.

"माझी तीन गेली," त्या म्हणाल्या. "पहिल्या पंधरवड्यातच. मला कुणी सांगितलं नाही गं."

वच्छला एरवी कुणाला सोडायची नाही. ती थोडी सरकली. "मलेही नव्हतं सांगितलं. आता तुमी सांगत जा."

गोदावरीबाई तिथेच बसून राहिल्या. चुलीवरची आमटी करपली, आणि त्या दिवशी बापूसाहेब उपाशीच कोर्टात गेले.